तुमच्या कागदावरची माझी ओळ

बाबा,

तुमच्या पहिल्या पुण्यतिथीला मी विहारात एक लेख वाचला होता. त्यातलं एक वाक्य चूक आहे. ‘अखेरच्या श्वासापर्यंत बाबांनी पाण्याचा थेंबही मागितला नाही,’ असं मी लिहिलं होतं. तुम्ही पाणी मागितलं होतं. एकदा नव्हे, दोनदा. अन्न सोडल्यावर चौथ्या दिवशी दुपारी, आणि त्याच दिवशी ऊन उतरताना. विहार म्हणजे तेव्हा चार बल्ल्या आणि वर तुराट्यांचं छप्पर होतं. मी पंधरा वर्षांची होते, आणि त्या वाक्याला बायकांनी पदर डोळ्यांना लावले. वाक्य लोकांना आवडलं. ते माझ्या हातून सुटून गावोगाव गेलं. मागच्या वर्षी नेरच्या बसस्टँडवर एका म्हाताऱ्यानं, मी कोण हे न ओळखता, मला तुमचीच गोष्ट सांगितली. ‘असा माणूस होऊन गेला पोरी आपल्यात. मरता मरता पाणी नाई मागितलं त्यानं.’ मी मान हलवली आणि बस आली म्हणून उठले. ती बस माझी नव्हती.

ही दुरुस्ती मी अकरा वर्षांनी करते आहे, आणि तीही आपणहून नाही. माय आजारी आहे. ती आता माझ्याजवळ मारेगावला असते. मी इथल्या प्राथमिक शाळेत शिकवते, शाळेमागे एक खोली आणि पुढची पडवी भाड्यानं घेतली आहे. दिवाळीपासून तिचं पोट दुखत होतं. तिनं ते संक्रांतीपर्यंत लपवलं. मग यवतमाळला नेलं, तिथून नागपूरला. गर्भाशयातली गाठ आतड्यांपर्यंत गेली आहे, आता ऑपरेशनचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. बाहेर आल्याबरोबर मायनं विचारलं, ‘तुह्या बापाले सांगतलं होतं तेच ना?’ मी हो म्हटलं. तिच्याशी आजाराबद्दल तरी खोटं बोलायचं नाही, असं मी जातानाच ठरवलं होतं. दोन महिन्यांत ती एवढीशी झाली आहे. कळ उठली की ती बाजेची सुतळी मुठीत धरते, आणि कळ गेल्यावर तिच्या तळहातावर सुतळीचे पीळ उमटलेले दिसतात. ते तासभर जात नाहीत.

मागच्या रविवारी तिनं मला पेटीतून तुमचा कागद काढायला लावला. मी म्हटलं, कशाला. ‘काढ तं. मी का खाऊन राह्यली त्याले?’ मी काढला. तिनं तो उलटा धरला, मग अंगठ्याचा ठसा खाली येईल असा फिरवून घेतला. तिला तेवढीच खूण कळते. म्हणाली, ‘असाच एक माह्या नावानं लिह्य. त्याच्या जागी मले टाक, बाकी सारं तेच राहू दे.’

‘माय, गोळ्या देल्या ना डॉक्टरनं.’

‘गोळीनं मी झोपते व, गाठ नाई झोपत. पाह्य, पुढच्या सोमवारपासून तुह्या शाळेले सुट्ट्या हायेत. तुले रजेचा अर्ज करा लागत नाई. शाळा उघडेपर्यंत माहं सारं निपटते.’

‘असं काहून बोलतं?’

‘मंग कसं बोलू? मागच्या टायमाले दोन दिवसांच्या रजेसाठी तुह्या हेडमास्तरानं कसं तोंड केलतं, तूच सांगत होती. मेल्यावर तरी त्या माणसाचे उपकार नको मले.’ आणि ती हसली. मला हसू आलं नाही म्हणून तीच मला समजावल्यासारखी म्हणाली, ‘रविवारी मले न्हाऊ घाल. सुकट कर. खाणं तं होत नाई, वास घेईन. मंग अंगठा देते अन् सोमवारपासून बंद. अन् ते शेवटचं बराबर लिह्यजो. मागितलं तरी देऊ नये, ते. तुह्या बापाले मालूम होतं, मन फिरते म्हणून. त्यानं आधीच बांधून ठेवलं स्वतःले. मी तं त्याच्याहून कच्ची. माह्या कागदावर ते दोनदा लिह्य.’

बाबा, ते शेवटचं वाक्य तुम्ही सांगितलेलं नाही. ते मी घातलं. हे तुम्हाला ठाऊक होतं की नाही, एवढंच मला आजवर कळलेलं नाही. तुमच्याशिवाय ज्याला विचारावं, असा माणूस नाही.

मी चौथीत होते तेव्हाची गोष्ट. आपल्या मोहल्ल्यात लिहिता येणारी मी एकटीच, म्हणून सगळ्यांच्या चिठ्ठ्या माझ्याकडे यायच्या. शेजारच्या काकूचा भाऊ दोन दिवाळ्या तिला न्यायला आला नव्हता. तिनं सांगितलं, लिह्य, तू माह्यासाठी मेला. मला ते लिहवेना. मी लिहिलं, तुझी फार आठवण येते. आठ दिवसांत भाऊ लुगडं घेऊन दारात हजर. काकू त्याच्याकडे बघतच राहिली, मग रडली, मग चुलीवर कढई चढली. तुम्ही मला जवळ बोलावून विचारलं, काय लिह्यलतं? मी खरं सांगितलं आणि म्हटलं, चांगलंच झालं ना बाबा? तुम्ही विडी विझवली. ‘चांगलं झालं. पण ते तुहं झालं, तिचं नाई झालं. तू डाकेचा डब्बा हायस. डब्बा चिठ्ठी वाचत नाई, बदलवत नाई. पुढं असं केलं तं शाळा बंद.’ मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही नेरच्या बाजारातून दौत आणि नवा टाक आणून माझ्या दप्तरात ठेवलात. तेव्हापासून मी चिठ्ठ्यांमधल्या शिव्यासुद्धा जशाच्या तशा लिहू लागले. शिवीत काना-मात्रा चुकू नये म्हणून दोनदा विचारायची. बाया हसायच्या.

तुमचा घसा धरला तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. सरकी काढायच्या ज्या जिनात तुम्ही कामाला होतात, तिथं कापसाचं तूस सगळ्यांच्याच घशात जातं, सगळेच खोकतात. मग भाकर उतरेना. मग ज्वारीच्या पिठाचा घाटा पातळ करावा लागला, मग आणखी पातळ. नागपूरच्या डॉक्टरांनी पोटाला भोक पाडून नळी बसवतो म्हटलं. तुम्ही बैलगाडीतून उतरताना मायला सांगितलंत, ‘नळीनं घाटा वतून दोन महिने जास्त जगीन, डॉक्टर म्हणते. कोणासाठी? तुम्ही वतान अन् मी पाहीन?’ दीक्षा घेऊन आपला तो पहिलाच उन्हाळा लागत होता. घरातले देव नदीत सोडल्यानं कोनाडा रिकामा होता, आणि माझी पुस्तकं तिथं ठेवायची परवानगी मला मिळाली होती. त्या कोनाड्याशेजारी तुमची बाज. घोट घेतला की निम्मा नाकातून यायचा, खोकल्याची उबळ यायची, आणि उबळीच्या शेवटी रक्त. मी दप्तर टाकून मागं गोठ्याकडे पळायची आणि दोन्ही कान दाबून उभी राहायची. माय एकटीच तुम्हाला धरून असायची. हे मी लेखात लिहिलं नव्हतं.

कागदाचा दिवस मला अक्षरन् अक्षर आठवतो. दुपार आहे. माय नदीवर धुणं घेऊन गेली आहे. तुम्ही बाजेवर उशीला टेकून बसला आहात, आवाज खरखरीत, पण शब्द कळतात. ‘मी उद्यापासून अन्न सोडतो. असा मेलो तं पोलीस पाटील म्हणन, बायकोनं उपाशी मारलं. गावची कामं सोडल्यापासून तो वाटच पाहून राह्यला. म्हणून लिहून ठेव. माहा अंगठा घे.’ मी वहीचं मधलं पान काढते, समास आखते. तुम्ही सांगता आणि मी शाळेच्या भाषेत उतरवते: मी खाली अंगठा करणार लिहून देतो की, माझा रोग बरा होणार नाही हे मला माहीत आहे. मी आपल्या मर्जीने अन्न सोडत आहे. कोणी जबरदस्ती केली नाही. माझ्यामागे माझ्या बायकोला आणि मुलीला कोणी बोल लावू नये. मी वाचून दाखवते. तुम्ही मान हलवता. मग मी विचारते, ‘अन् पाणी, बाबा?’ ‘पाणी राहू दे. लागलं तं मागीन.’ ‘ते लिहू?’ ‘ते काय लिहा लागते?’ आणि तुम्ही दमून डोळे मिटता.

अंगठ्याची जागा मी आधीच पेन्सिलीनं आखून ठेवली होती, पानाच्या तळाशी. मजकूर संपला आणि मध्ये दोन ओळींची जागा उरली. गुरुजींनी आम्हाला अर्ज शिकवताना बजावलं होतं, सहीच्या वर कधी कोरी जागा सोडायची नाही, कुणी मागाहून काहीही घुसडू शकतं. पाटलानं त्या जागेत काही लिहिलं तर? मी टाक बुडवला आणि ती जागा भरली. ‘मी मागितले तरी मला काही देऊ नये.’ कुणी काही घुसडू नये म्हणून. रेघ मारली असती तरी चाललं असतं, गुरुजींनी तेही शिकवलं होतं. दुसरं कुठलंही वाक्य लिहिता आलं असतं. तेच का सुचलं, याचं खरं उत्तर मी पहिल्यांदा लिहिते आहे. मला तो खोकला पुन्हा ऐकायचा नव्हता. घोटच दिला नाही तर उबळ येणार नाही, असा हिशेब माझ्या मनात त्या क्षणी स्पष्ट होता. चौदा वर्षांची होते म्हणून कळलं नाही, असं मला म्हणता येत नाही. कळत होतं.

तुम्ही डोळे उघडून विचारलंत, झालं? मी म्हटलं, झालं. तुम्ही पुन्हा वाचायला सांगितलं नाही. मी तुमचा अंगठा दौतीतल्या शाईनं भिजवला आणि कागदावर दाबला.

चौथ्या दिवशी तुमचा आवाज गेला होता. केळापूरहून आत्या आली होती, ती पायथ्याशी बसून तुमचे तळवे चोळत होती. दुपारी तुम्ही हात उचललात आणि अंगठा ओठांकडे नेलात. त्याच्यावरची निळी शाई अजून पुरती गेली नव्हती. माय लगेच उठली, माठातून पेला भरला. आणि मी म्हटलं, ‘माय, थांब.’ मी कोनाड्यातून कागद काढला आणि उभी राहून वाचला. बसून नाही, उभी राहून, जसं शाळेत साहेब आले की वाचतात तसं. शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. माय पेला हातात घेऊन तशीच थांबली. आत्या म्हणाली, ‘कागदाले तहान लागते का व? ज्याले लागली त्याले दे ना!’ माय म्हणाली, ‘त्यानंच लिहून देलं बाई. त्याचाच अंगठा हाये.’ ‘अंगठा देला तवा तहान नव्हती त्याले. आता हाये.’ मी मध्येच बोलले, ‘आत्या, बाबांचा शब्द मोडू नको.’ तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला कागदाची घडी घालता येईना. ‘शिकून अशाच होतात का व पोरी?’ असं म्हणून ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली. मायनं पेला खाली ठेवला.

तुम्ही माझ्याकडे बघत होतात. ते वाक्य तुम्ही पहिल्यांदाच ऐकत होतात. आवाज असता तर तुम्ही काय म्हणाला असतात, हे मी बारा वर्षं हजार प्रकारे बोलून पाहिलं आहे. तुम्हाला राग आला असं एखाद्या दिवशी वाटतं, आणि तो दिवस सोपा जातो. पण बहुतेक वेळा मला दिसतं ते वेगळंच. तुम्ही कपाळाला आठी घालून आठवायचा प्रयत्न केलात, असं आपण बोललो होतो का. आणि मग हात हळूच छातीवर ठेवलात. कागदावर आहे म्हणजे आपणच बोललो असू. तुमच्या स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्या अक्षरावर तुमचा जास्त भरवसा होता.

ऊन उतरताना तुम्ही पुन्हा अंगठा ओठांकडे नेलात. या वेळी मायनं तुमच्याकडे पाहिलं नाही, आधी माझ्याकडे पाहिलं. मी ‘नाही’ अशी मान हलवली. ओल्या फडक्याचं टोक ओठांना लावता आलं असतं. त्यानं खोकलाही आला नसता. हे मला पुढे नागपूरच्या दवाखान्यात, मायशेजारच्या खाटेवरच्या बाईला तिची सून तसं करताना दिसलं तेव्हा कळलं. किती साधी गोष्ट होती. मी तिथून उठून व्हरांड्यात गेले.

पाचव्या दिवशी सकाळी, जिनाचा पहिला भोंगा झाल्यावर थोड्या वेळानं तुम्ही गेलात. पाटील आला, मी कागद वाचून दाखवला. त्यानं ‘मर्जीने’ हा शब्द पुन्हा एकदा वाचायला लावला आणि गेला. माझ्या ओळीची त्याला काही गरज नव्हती. आत्या त्यानंतर तीनदा आपल्याकडे आली, आणि तिन्ही वेळा पाणी न पिता गेली. तीही आता नाही. लेख वाचून आम्ही विहारातून घरी येत होतो तेव्हा माय एवढंच म्हणाली, ‘बरं लिह्यलं. मागितलं होतं म्हणून कायले सांगा लोकायले.’ मग बरीच वाट चालल्यावर म्हणाली, ‘मी पेला खाली ठेवला, पण त्याचा शब्द नाई मोडला.’ हे ती मला दर वर्षी सांगते. दुसरं काही तिनं स्वतःबद्दल अभिमानानं सांगितलेलं मला आठवत नाही.

आता माझ्यापुढे जे आहे ते तुम्हाला दिसतच असेल. तिनं जेवण सोडू नये, असं मी तिला म्हणणार नाही. तिचं दुखणं मी रोज पाहते, तळहातावरचे ते पीळ पाहते, आणि तिला अजून दोन महिने तसंच ठेवणं हे माझ्यासाठी होईल, तिच्यासाठी नाही. कधी थांबायचं ते तिनं ठरवावं. पण सोमवारी ठरवलेलं तिला बुधवारी बदलावंसं वाटलं, तर तेही तिलाच बदलता आलं पाहिजे. मे महिन्यात इथं खोली भट्टीसारखी तापते. ती पाणी मागेल. आणि मागितल्याबरोबर स्वतःलाच दोष देईल, की नवऱ्यानं केलं ते आपल्याच्यानं झालं नाही. जे तुम्ही केलंच नव्हतं.

एक सोपी वाट आहे, तीही मी विचारात घेतली. तिला वाचता येत नाही. ते वाक्य न लिहिता मी लिहिलं म्हणून सांगू शकते, वाचून दाखवताना तोंडानं म्हणू शकते, दोनदा म्हणू शकते. कागदावर दुसरंच असेल. वेळ आली की पाणी देईन. असं मी दोन दिवस मनाशी पक्कंही केलं होतं. पण म्हणजे मी पुन्हा तेच करीन. अंगठा तिचा आणि मजकूर माझा. आणि ती पाणी नाकारेल, तोंड फिरवेल, कारण तिच्या कानांनी तिनं ते वाक्य ऐकलेलं असेल.

खरं सांगितलं तर तिला पाणी मागायची मोकळीक मिळेल. पण तो पेला तिनं तुमच्या शब्दासाठी खाली ठेवला नव्हता, हेही तिला त्याच वेळी कळेल. एका भेदरलेल्या पोरीच्या ओळीसाठी ठेवला होता. ते कळून घेऊन जगायला तिच्याजवळ आता दिवसही फार नाहीत. मरताना एखाद्याकडून एवढं काढून घ्यावं का, याचा मी खूप विचार केला. माझ्याच सोयीचं उत्तर निघू नये म्हणून उलटसुलट केला. शेवटी इतकंच उरलं, की ती मरणाचं ठरवते आहे ते माझ्या खोट्यावर विसंबून. तिचा राग, तिचं रडणं, तिनं मला बाहेर जा म्हणणं, सगळं मला झेलता येईल. त्या खोट्यावर तिनं पाण्यावाचून पडून राहावं, हे झेलता येणार नाही.

तेव्हा रविवारी सांगणार आहे. सकाळी तिला न्हाऊ घालीन, केस पुसून होतील, आणि कागद-शाई बाहेर काढायच्या आधी सांगीन. शनिवारी शाळेचा निकाल लावायचा आहे, तोवर डोकं ठिकाणावर राहणार नाही, म्हणून रविवार, असं मी स्वतःला सांगितलं आहे. पण निकालपत्रकं कालच पूर्ण झाली. आज गुरुवार आहे, अजून पुरतं ऊन आहे, आणि माय माझ्यापासून चार हातांवर बाजेवर जागी आहे. मघाशी तिनं विचारलं, ‘एवढं काय लिहून राह्यली व?’ मी म्हटलं, शाळेचं. रविवारी हेही सांगायचं आहे.